आधी विचारू, मग बांधू
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शाळेच्या जुन्या दगडी इमारतीचं काय करायचं, यावर आज दुपारी चर्चा आहे. ‘पाडू आणि नवी बांधू’ असा बऱ्याच जणांचा सूर दिसतो. त्याआधी मला किल्लारीबद्दल थोडं बोलायचं आहे. आपल्या भागाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतलाय.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला जड माळवदं आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती अंगावर आल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली.

पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. ५२ गावं नव्या जागी वसवली. घर २५०, ४५० की ७५० चौरस फुटांचं, हे शेतजमिनीवरून ठरलं. बऱ्याच गावांचे नकाशे शहरी कॉलनीसारखे: सरळ रुंद रस्ते, एकसारखी घरं. घरं भक्कम होती, पण भावकी पांगली, शेत लांब पडलं, बैल कुठे बांधायचे आणि कडबा कुठे रचायचा, हे नकाशात नव्हतंच. मग लोकांनीच पत्रे ठोकून पडव्या काढल्या.

जी गावं हलवली नाहीत, तिथे दुरुस्तीचा कार्यक्रम वेगळ्या रीतीने चालला. पैसे टप्प्याटप्प्याने घरमालकाला मिळत आणि काम तोच करून घेई. सुमारे १,३०० गावांत लोकसहभागाचं काम ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे होतं. महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. माळवदावरची माती कमी का करायची, भिंतीचे कोपरे कसे बांधून घ्यायचे, हे त्या शिकल्या, घरोघर सांगू लागल्या आणि अडचणी अधिकाऱ्यांपुढे मांडू लागल्या. २००१च्या भूकंपानंतर त्यांच्यातल्या काही जणी गुजरातेत जाऊन तिथल्या बायकांशी बोलून आल्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. वापरणाऱ्याला न विचारता केलेली प्रणाली कितीही निर्दोष असली, तरी लोक तिला वळसा घालून आपलं काम काढतात. पडव्या म्हणजे तेच.

म्हणून माझी विनंती अशी. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून इमारत तपासून घेऊ; मजबुतीकरणाने भागत असेल तर पाडायची कशाला? धोका निघाला तर मात्र एक दिवसही मुलांना तिथे बसवायचं नाही. दुसरं, आताचे शिक्षक, शिपाईमामा, पालक आणि विशेषतः मुली यांना विचारू. कदाचित त्यांना सभागृहापेक्षा स्वच्छतागृह आणि पाणी आधी हवं असेल. तिसरं, खर्चाचा हिशेब दर महिन्याला शाळेच्या फलकावर लावू.

पैसे आपले असले, तरी त्या छपराखाली बसणारी मुलं दुसऱ्यांची आहेत. दुपारच्या चर्चेत एवढं लक्षात ठेवूया.