मांजर रुसते तेव्हा



मांजर कोपरा धरून बसले की आपण म्हणतो, रुसले. दिवाळीत आपल्या पनवेलीस फटाक्यांचा काय गजर असतो! त्याने भ्यालेले मांजर ओढून काढू नये. पाणी नि मातीचे घमेले जवळ ठेवून त्याला असू द्यावे. बहुधा एकदोन दिवसांत ते निवळते. आमची मनी मात्र कपाटामागून बोंबलाच्या वासालाही येईना. मांजर दुखणे लपवते, आणि दोनतीन दिवस उपाशी राहिले तर त्याचे यकृत बिघडू लागते; म्हणून पिशवीत घालून गुरांच्या डॉक्टरांकडे नेली. तोंड उघडताच कळले, दाढेखाली पू झाला होता. बोका कुंथत असेल नि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. आणि घरातली पॅरासिटामॉलची गोळी? मांजराला ती विष आहे. चतकोरही देऊ नये.