मांजरांचे कान आणि आपले कान



माझी ओळख करून देताना ‘सांगलीत घरातच स्टुडिओ आहे’ एवढं सांगितलं गेलं. त्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन सिंथेसायझर, एक इलेक्ट्रॉनिक तानपुरा, मनी नावाची मांजर आणि खर्ज्या नावाचा बोका आहे, हे सांगायचं राहिलं. त्याची घुरघुर इतकी खालच्या पट्टीतली, की दुसरं नाव सुचलंच नाही.

साताऱ्याहून सांगलीला गेल्यावर लोक विचारायचे, शेजारी मिरज असताना हे विजेचं वाद्य कशाला? प्रश्न रास्त होता. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षं सतारी-तंबोरे घडतात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळ्याच्या तंबोऱ्याची सर कशालाच नाही. पण आज घरोघरी रियाजाला लागतो तो इलेक्ट्रॉनिक तानपुरा १९७९ साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी बनवला. ते इंजिनिअर आणि स्वतः बासरीवादक. सिंथेसायझरही तसाच, तारेऐवजी विजेच्या लहरींतून स्वर काढतो. रॉबर्ट मूग यांनी अमेरिकेत १९६४ मध्ये तो आकाराला आणला आणि १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग पोहोचलासुद्धा.

माझा एक सिंथेसायझर जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीचा आहे. हवा बदलली की तंबोरा उतरतो, तसा हा थंड असताना सुरात राहत नाही. चालू करून अर्धा तास तापू द्यावा लागतो. माणसाला पंखा लागतो तिथे मांजराला ऊब लागते. तीस ते अडतीस अंश तापमान त्याला सुखाचं. त्यामुळे वाद्य तापलं की खर्ज्या त्यावर पसरलाच! केस पट्ट्यांच्या फटीत गेले की आवाज खरखरतो. म्हणून जुन्या लुगड्याची गवसणी शिवली. आता तो गवसणीवर झोपतो. मात्र मांजरं आल्यापासून उंदरांनी एकही वायर कुरतडलेली नाही, हा हिशेबही मांडला पाहिजे.

खरी गोष्ट कानांची आहे. खोलीत सगळं शांत असताना मनी एका अ‍ॅडॉप्टरकडे कान वळवून बसते. मला काहीच ऐकू येत नाही. माणसाचा कान फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, मांजराचा सुमारे पंच्याऐंशी हजारांपर्यंत. अ‍ॅडॉप्टरमधली वीज कित्येक हजार हर्ट्झने चालू-बंद होत असते. तिची बारीक शीळ तिला ऐकू येत असणार.

आठवा, आपल्या लहानपणी शेजाऱ्यांचा टीव्ही आवाज बंद असला तरी ‘लागलाय’ हे आपल्याला बाहेरूनच कळायचं. ती १५,६२५ हर्ट्झची शीळ होती. आज ती या सभागृहात वाजवली, तर आपल्या तुकडीतल्या बहुतेकांना ऐकू येणार नाही. मागे खेळणारी नातवंडं मात्र चटकन वळून बघतील. वयानं वरचे स्वर जातात, त्याला इलाज नाही. पण गोंगाटानं जातात ते वाचवता येतात.

विसर्जनाच्या रात्री आमच्या गल्लीतून डीजे जातो तेव्हा दोन्ही मांजरं कपाटामागे शिरतात आणि सकाळपर्यंत दुधाला तोंड लावत नाहीत. त्यांना पळता येतं. खांद्यावरच्या बाळाला, अंथरुणावरच्या आजीला कुठे पळता येतं? ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसला, की कानाची मर्यादा संपते. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभरला जेमतेम पंधरा मिनिटं. कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. २००० सालच्या नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती ओलांडल्याचं कळायला यंत्र लागत नाही, खिडकीची काच सांगते.

मी स्वतः विजेवरचं संगीत करतो, त्यामुळे यंत्राला दोष देणार नाही. ढोलताशाही काही हळू वाजत नाही. आवाजाचं बटण माणसाच्या हातात असतं, आणि आपल्यातले कितीतरी जण साताऱ्या-सांगलीत मंडळांचे अध्यक्ष, खजिनदार, सल्लागार आहेत. तुमचा शब्द पोरं ऐकतात. यंदा वर्गणी देताना एवढंच म्हणा : भिंत लहान करा, लहान मुलांना तिच्यापासून लांब ठेवा, आणि पथकातल्या मुलांना कानात घालायचे बोळे मंडळाच्या खर्चानं द्या.

संयोजकांना एक विनंती. मेळाव्यात रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय छान केलीत. पुढच्या वेळी कानांची तपासणीही ठेवा. यंत्र आणण्याची जबाबदारी माझी.