रेशनच्या तळ्याकाठी

आल्प्स पर्वताचे नाव घेतले की दोरखंड, बर्फकुऱ्हाड आणि कड्याला चिकटून इंच इंच वर सरकणारी माणसे हेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. गुडघे दुखणाऱ्या माणसाने त्या पर्वतात पायी हिंडण्याची इच्छाच धरू नये, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. माझ्या थोरल्या बहिणीचाही तो होता. तिने साठी ओलांडली आहे, आणि जिना चढताना ती कठडा सोडत नाही. तरीही जून महिन्यातल्या एका सकाळी आम्ही दोघे आल्प्समधील एका जलाशयाला पायी पूर्ण प्रदक्षिणा घालून आलो, आणि संध्याकाळी तिने गुडघ्याविषयी चकार शब्द काढला नाही. तिची तक्रार निराळीच होती. तिच्याकडे मी ओघाने येतो.

इटली, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तीन देशांच्या सीमा जिथे एकमेकींच्या जवळ येतात, त्या कोपऱ्यात रेशन नावाची खिंड आहे. खिंडीच्या दक्षिणेस, इटलीच्या हद्दीत, सुमारे 1498 मीटर उंचीवर हा जलाशय पसरला आहे. आपल्या कळसूबाईचे शिखर 1646 मीटर उंच आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून जेमतेम दीडशे मीटर खाली एवढे मोठे पाणी साठले आहे, अशी कल्पना करावी. जर्मन भाषेत त्याला रेशनझे म्हणतात, इटालियन भाषेत लागो दी रेझिया. क्षेत्रफळ सुमारे साडेसहा चौरस किलोमीटर. दक्षिण टिरोल प्रांतात याहून मोठे तळे नाही.

तिथे जाणेही अवघड नाही. मेरानो शहरातून फिन्शगाउ नावाच्या खोऱ्यातून एक छोटी आगगाडी माल्स गावापर्यंत जाते. हा लोहमार्ग मध्यंतरी बंद पडला होता; 2005 साली तो पुन्हा सुरू झाला. गाडीतून जाताना दोन्ही अंगांना सफरचंदांच्या बागा लागतात, आणि माल्सला उतरल्यावर बस आपल्याला वर नेते. बसच्या खिडकीतून मागे वळून पाहावे. 3905 मीटर उंचीचा ओर्टलर पर्वत आपली बर्फाची पाठ वळवून बसलेला दिसतो.

आम्ही तळ्याच्या दक्षिण टोकाला, सांक्ट वालेन्टिन या गावापाशी उतरलो. मातीचा बांध घालून पाणी अडवले आहे ते इथेच. बांधावरून पलीकडे गेले की पश्चिम काठाची वाट सुरू होते. हिला वाट म्हणायचे ते नम्रपणाने. बैलगाडी सहज जाईल एवढी ती रुंद आहे. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला लार्च आणि स्प्रूस वृक्षांची राने, मधूनमधून कापणीला आलेली गवताची कुरणे. चढ आहेत, पण ते लेकराच्या पावलांनाही जाणवू नयेत असे. एकूण प्रदक्षिणा पंधरा किलोमीटरांच्या आसपास भरते, आणि रमतगमत चालणाऱ्याला चार ते पाच तास पुरतात. ज्यांना एवढेही नको असेल त्यांनी बांधाच्या खालच्या अंगाचे हायडरझे हे लहानसे नैसर्गिक तळे पाहावे. वेत आणि लव्हाळी वाढलेल्या त्याच्या काठाने तासा-दीड तासात फेरी होते. मात्र एक सूचना करतो. सकाळी लवकर निघावे. दुपारनंतर या खोऱ्यात वारा असा सुटतो की डोक्यावरची टोपी हातात घेऊन चालावे लागते. त्याच वाऱ्यावर पतंग लावून पाण्यावरून धावणारे तरुण मात्र भलतेच खूष असतात.

उत्तर टोकाला रेशन हे गाव आहे. तिथून थोडेसे वर चढले की एका नदीचा उगम पाहायला मिळतो. जर्मनमध्ये तिला एच म्हणतात, इटालियनमध्ये आदिजे. इटलीतली ही दुसऱ्या क्रमांकाची लांब नदी. सुमारे 410 किलोमीटर वाहून, वाटेत वेरोना शहराला वळसा घालून ती एड्रियाटिक समुद्राला मिळते. उगम पाहून माझी बहीण हसली, कारण आपल्या अंगणातल्या तुळशीला घालतो तेवढेच पाणी तिथे झुळझुळत होते. उगमाच्या जवळच काँक्रीटचा एक भुयारी बुरूज आहे. 1938 ते 1942 या काळात मुसोलिनीच्या सरकारने सीमेवर असे बुरूज बांधले. गंमत अशी की त्या वेळी सीमेपलीकडे जर्मनी होती, आणि जर्मनी तर इटलीची दोस्त! मित्राच्या दाराकडे तोंड करून बांधलेले हे बुरूज त्या मैत्रीविषयी पुष्कळ काही सांगून जातात. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी आणखी वर, प्लामोर्टच्या पठारावर जावे. तिथे रणगाडे अडवण्यासाठी रोवलेल्या खुंटांच्या रांगा अजून उभ्या आहेत, आणि तिथून सबंध तळे एका नजरेत येते.

आता पूर्व काठ. ग्राउन गावापाशी वाट पोहोचते, आणि तिथे पाण्यातून वर आलेला दगडी मनोरा दिसतो. चौदाव्या शतकातला हा घंटामनोरा काठापासून थोड्या अंतरावर एकटाच उभा आहे. भोवती नाव नाही, बेट नाही, पायरी नाही. प्रवासी गाड्या थांबवतात, छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. माझी बहीण कठड्याला टेकून बराच वेळ गप्प उभी राहिली. मग तिने विचारले, “आणि देव कुठे नेला?”

हा प्रश्न आपल्याच माणसाला सुचावा असा आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

पूर्वी या ठिकाणी एक मोठे तळे नव्हते. वरून खाली ओळीने तीन लहान तळी होती, आणि त्यांच्यामधल्या सपाट, सुपीक पट्टीवर ग्राउन हे गाव वसले होते. गावचे लोक जर्मन बोलणारे. 1919 च्या तहाने हा सारा प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. राज्यकर्त्यांची भाषा एक आणि गावकऱ्यांच्या चुलीपुढची भाषा दुसरी, अशी स्थिती झाली; बेळगाव-निपाणीकडच्या श्रोत्यांना ती मी निराळी समजावून सांगायला नको. 1920 साली पाण्याची पातळी पाच मीटरांनी वाढवण्याची योजना निघाली. तेवढ्याने गाव बुडणार नव्हते. पण 1939 साली मोन्तेकातिनी या कंपनीने नवी योजना पुढे केली. पातळी बावीस मीटरांनी वाढवायची, दोन तळी एक करायची, आणि ते पाणी बोगद्यातून ग्लुर्न्सच्या बाजूला खाली सोडून वीज निर्माण करायची. तिची सूचना गावाच्या फलकावर लागली ती इटालियनमध्ये, जी फार थोड्यांना वाचता येत होती, असे ती हकिगत सांगणारे सांगतात. वर्ष कोणते, हेही लक्षात घ्यावे. त्याच वर्षी हिटलर आणि मुसोलिनी यांनी आपसात करार करून दक्षिण टिरोलच्या जर्मन भाषिकांपुढे पर्याय ठेवला होता: जर्मनीत निघून जा, नाहीतर इथे राहून इटालियन व्हा. ज्याला आपण उद्या या देशात असू की नाही हेच ठाऊक नाही, तो धरणाच्या सूचनेवर हरकत कशी घेणार? घरात भाऊ भावाशी बोलेनासा झाला होता. गावाने एकमुखाने बोलावे कसे?

1940 साली काम सुरू झाले, युद्धाने ते रखडले, आणि लोकांना वाटले की संकट टळले. पण युद्धानंतर स्वित्झर्लंडमधून भांडवल आले, कारण तिथे हिवाळ्यात वीज हवी होती, आणि काम पुन्हा सुरू झाले. आता गाव जागे झाले. तिथले धर्मगुरू आल्फ्रेड रीपर पुढे झाले, गावकऱ्यांचे शिष्टमंडळ रोमला गेले, पोप बारावे पायस यांची भेटही मिळाली. धरण थांबले नाही. 1950 च्या 18 जुलैला संत कॅथरिनच्या देवळातल्या घंटा उतरवण्यात आल्या. पाच दिवसांनी, 23 जुलैला, देवळाचा मंडप पाडला. घरे सुरुंग लावून उडवली. मनोरा तेवढा पुरातन वास्तू म्हणून राखला गेला. ग्राउन आणि रेशन मिळून 163 घरे आणि 523 हेक्टर जमीन पाण्याखाली गेली. पुष्कळ कुटुंबे खोरे सोडून गेली. जी राहिली त्यांनी सुरुवातीचे दिवस लाकडी बराकींत काढले. भरपाई मिळाली, पण गोठा आणि कुरण गेलेल्या शेतकऱ्याला ती कितीशी पुरणार!

हिवाळ्यात तळे गोठते, आणि लोक बर्फावरून चालत मनोऱ्यापर्यंत जातात. त्या दिवसांत रात्री घंटांचा नाद ऐकू येतो अशी तिथे आख्यायिका आहे. घंटा तर 1950 मध्येच खाली उतरल्या आहेत. लोकांना ते माहीत असूनही ती आख्यायिका टिकून आहे.

गोव्यातील श्रोत्यांना या ठिकाणी कुर्डी गाव आठवल्याशिवाय राहणार नाही. साळावली धरणाच्या पाण्याखाली ते 1980 च्या दशकात गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे ते गाव. तिथले महादेवाचे प्राचीन देऊळ दगड सुटे करून दुसरीकडे उभारले गेले. आणि दरवर्षी उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुने गावकरी आपापल्या जोत्यांच्या खुणा शोधत तिथे जमतात. रेशनला असे दरवर्षी होत नाही. वसंत ऋतूत बर्फ वितळण्यापूर्वी पाणी खाली जाते खरे, पण गाव वर येते ते क्वचित. 2021 च्या वसंतात दुरुस्तीसाठी तळे उतरवले, तेव्हा घरांच्या भिंती, तळघरे आणि पायऱ्या सत्तर वर्षांनी उघड्या पडल्या.

बहिणीची तक्रार काय होती ते आता सांगतो. ती म्हणाली, “एवढी सपाट वाट डोंगरात सापडली म्हणून मी सकाळपासून खूष होते. सपाट का आहे ते तू आधी सांगायला हवे होतेस.” तिचे म्हणणे खरे होते. जलाशयाकाठची वाट पाण्याच्या पातळीला धरून जाते, म्हणून ती सपाट असते. आणि पाणी त्या पातळीला आले म्हणून गाव गेले. पण हे आधी कळले असते तर ती आली नसती असे मला वाटत नाही. ती सावकाश चालली असती, एवढेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही हायडरझेच्या काठावरून उतरत निघालो. इथून खाली माल्सची विस्तीर्ण माळजमीन पसरली आहे. या खोऱ्यात पाऊस फार कमी. म्हणून शेतकऱ्यांनी शतकानुशतके डोंगरातले पाणी पाटांनी शेतात आणले. या पाटांना तिथे वाल म्हणतात, आणि पाटाच्या कडेने राखणदाराच्या येण्याजाण्यासाठी जी पाऊलवाट असते ती आज फिरणाऱ्यांना मोकळी आहे. पाणी जेवढ्या मंद उताराने जाते तेवढ्याच मंद उताराने माणूस जातो. उतारवयातील पायांसाठी याहून चांगली सोय नाही. काही पाटांवर लाकडी चक्र बसवलेले असते. पाणी वाहते तोवर चक्र फिरते आणि हातोडा घंटेवर टोले देतो. टोले थांबले की राखणदाराने ओळखावे, वर कुठेतरी पाट तुंबला.

वाटेत बुर्गाइस हे जुने गाव लागते, आणि त्याच्या वर 1340 मीटर उंचीवर मारिएनबेर्ग हा पांढराशुभ्र बेनेडिक्टाइन मठ. त्याच्या तळघरातील बाराव्या शतकातली भित्तिचित्रे शतकानुशतके झाकलेली राहिली, म्हणून त्यांचे रंग आजही ताजे आहेत. मठावर स्वतंत्र भाषण द्यावे लागेल. आज मी खाली ग्लुर्न्सला उतरतो.

ग्लुर्न्स हे नावाचे शहर; वस्ती हजाराच्याही आत. 1499 च्या काल्वेनच्या लढाईत ते उद्ध्वस्त झाले, आणि सोळाव्या शतकात त्याभोवती तट उभा राहिला. तो तट आणि त्याच्या तीन वेशी आजही शाबूत आहेत. आत बुटक्या कमानींची एक गल्ली आहे. उंच माणसाने तिथे मान लववूनच चालावे. अर्ध्या तासात गाव पाहून होते.

पण या गावाच्या न्यायालयात 1519-20 साली एक खटला चालला. श्टिल्फ्स गावच्या शेतकऱ्यांनी शेतातल्या उंदरांवर फिर्याद केली होती: पिके खातात, जमीन पोखरतात. उंदरांच्या वतीने रीतसर वकील नेमला गेला. साक्षी झाल्या. वकिलाने बाजू मांडली, की माझ्या अशिलांना जायला सांगणार असाल तर राहायला दुसरी जागा द्या, आणि वाटेत कुत्र्या-मांजरांपासून अभय द्या. न्यायालयाने उंदरांना चौदा दिवसांत गाव सोडण्याचा हुकूम केला. मात्र ज्या गाभण असतील आणि जी पिल्ले फार लहान असतील त्यांना आणखी चौदा दिवसांची मुदत दिली.

ही हकिगत मी तटाच्या सावलीत बसून बहिणीला सांगितली. ती खूप हसली. मग हसता हसता थांबली आणि वर, तळ्याच्या दिशेने, पाहू लागली. तिथून तळे दिसत नाही.

ग्लुर्न्सहून माल्सचे स्थानक जवळ आहे. आम्ही चालतच गेलो. वेशीबाहेर एच नदी लागते. आदल्या दिवशी जी तुळशीला पुरेल एवढी होती, तिच्यावर आता चांगला रुंद पूल होता. गाडीला वेळ होता, म्हणून बहिणीने पुलावर उभे राहून पिशवीतली उरलेली पोळी सोडली आणि ती खाता खाता पाणी पाहत राहिली.