अंगणातले पाणी कुणाचे?



पावसाळा आला की गावात पाणी तुंबते आणि शेजाऱ्याशी अबोला सुरू होतो. मी स्वतः दोन पावसाळे ग्रामपंचायतीकडे अर्ज केले, "रस्त्याचे पाणी माझ्या अंगणात शिरते." तिसऱ्या वर्षी भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभा राहिलो. पाहतो तो काय, गटार सुरळीत वाहत होते. माझ्याच पत्र्याच्या पागोळ्या माझ्याच जोत्याशी साचत होत्या! अंगणात फरशी घालताना उतार घराकडे गेला होता. आता अर्ज कुणाविरुद्ध करायचा?

तेव्हा तक्रारीआधी तीन गोष्टी पाहा. उन्हाळ्यातही ओल असेल, तर ते न्हाणीचे किंवा मोरीचे सांडपाणी. त्याला शोषखड्डा हवा. काळ्या चिकण मातीत पाणी लवकर मुरत नाही; तेथे खड्डा मुरमापर्यंत न्यावा आणि विहिरीपासून लांब ठेवावा. पावसात एकट्या तुमच्याच अंगणात तळे होत असेल, तर आधी छप्पर आणि उतार तपासा. हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला, तरी सुमारे २,३५० लिटर पाणी खाली येते! पण रस्त्यावरून लोंढा येऊन आळीतल्या चार घरांत एकदम शिरत असेल, तर तो प्रश्न सार्वजनिक. गटारांची व्यवस्था १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे पंचायतीकडे येते. तो प्रश्न सर्वांनी मिळून ग्रामसभेत मांडावा.

मात्र आणखी एक पाहावे. गटार तुंबले ते कशाने? कुणी ओटा वाढवताना ते बुजवले असेल, कुणी केरकचरा लोटला असेल. एका घरची सोय सगळ्या आळीला नडते.

आणि वरच्या शेजाऱ्याशी भांडण्यापूर्वी हेही ध्यानात घ्या. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी आपोआप खाली वाहत आले, तर खालच्याने ते येऊ द्यावे, असे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात सांगितले आहे. पन्हळ लावून मुद्दाम तुमच्या भिंतीवर सोडलेल्या पाण्याची गोष्ट वेगळी.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. पहिल्या मोठ्या पावसानंतर मुलांकडून आळीचा नकाशा काढून घ्या आणि पाणी कोठून येते, कोठे अडते, ते बाणांनी दाखवायला सांगा. तो कागद ग्रामसभेत ठेवला, तर निम्मे तंटे तेथेच मिटतील.

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, हे आपण सारेच म्हणतो. ते जाते कुठे, एवढे एकदा भिजत उभे राहून पाहू या.