आधी झरा की आधी समुद्र?

फ्लोरिडाला निघालेल्या मराठी मंडळींचा मला हमखास फोन येतो. मुलं ऑरलँडोला डिस्ने बघतील, आम्हाला दोन दिवस स्कूबा करायचंय, सगळ्यात भारी जागा कोणती? मी उलट विचारते, तुमच्यात सगळ्यात नवखं कोण आहे? जागा त्याच्यासाठी निवडायची. हे मला शहाणपणाने सुचलेलं नाही. कसं शिकले तेच आज सांगते.

फ्लोरिडात पाणी दोन प्रकारचं. एक समुद्राचं आणि दुसरं जमिनीतून उसळणारं. खाली चुनखडीचा प्रचंड थर आहे, त्यात मुरलेलं पावसाचं पाणी हजाराहून जास्त झऱ्यांमधून वर येतं. बारा महिने साधारण २२ अंश. ऐकायला बरं वाटतं, पण अर्ध्या तासात दात वाजायला लागतात. सूट ५ मिलिमीटरचा घ्या. आणि समुद्रातून झऱ्यात आलात तर कमरेचं शिसं दोन-तीन किलो कमी करा, नाहीतर गोड्या पाण्यात दगडासारखे तळाला जाल.

विलिस्टनचं डेव्हिल्स डेन बघाच. जिन्याने गुहेत उतरायचं, डोक्यावर छताला भोक, खाली निळं पाणी. थंडीत त्या भोकातून वाफ निघते, म्हणून हे सैतानी नाव. विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला तिथे अगदी घरच्यासारखं वाटतं. जिनी स्प्रिंग्जमध्ये बॉलरूम नावाची कपार आहे. तिच्या आतल्या तोंडाला लोखंडी जाळी लावलीय, त्यामुळे नवखा माणूसही आत डोकावून येऊ शकतो. शेजारच्या डेव्हिल्स आय आणि इअरमध्ये मात्र साध्या ओपन वॉटर डायव्हरला टॉर्च नेऊ देत नाहीत. मला पहिल्यांदा रागच आला होता. अंधारात टॉर्च नको म्हणजे काय?

काय ते पुढे कळलं. दुसऱ्याच एका झऱ्यात, नाव नाही सांगत, मी आणि माझी मैत्रीण उतरलो. दोघींचे जेमतेम वीस डाइव्ह झालेले. माझ्या खिशात छोटा टॉर्च होता. पाचच मिनिटं, म्हणत मी पुढे झाले, ती माझ्या मागे आली. माझं फिन तळाला लागलं आणि गाळ उठला. टॉर्चचा उजेड तोंडासमोर दुधासारखा पांढरा. दोरी लावलेली नव्हती. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. झऱ्याचं पाणी बाहेरच्या दिशेने वाहतं, एवढं एकच मला आठवलं. हात छताला टेकवून आम्ही स्थिर राहिलो, ओढ कुठली ते पाहिलं आणि तिच्याबरोबर सरकत राहिलो. निळा ठिपका दिसला तेव्हा तिच्या सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात होता.

ती त्यानंतर पाण्यात उतरली नाही. मला तिने कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

नंतर शेक एक्सली या गुहा-डायव्हरचं १९७९ चं छोटं पुस्तक वाचलं. अपघात तपासून त्याने तीन कारणं पुढे ठेवली होती: बाहेरपर्यंत सलग दोरी नसणं, परतीसाठी दोन तृतीयांश हवा न राखणं, आणि फार खोल जाणं. पहिल्या दोन चुका आम्ही केल्याच होत्या. गुहांच्या तोंडाशी यमदूताचं चित्र असलेल्या पाट्या असतात. तिथून मागे फिरायचं.

आता समुद्र. नवख्यांसाठी की लार्गोचं पेनेकँप. १९६५ मध्ये बसवलेला येशूचा पुतळा तिथे साधारण २५ फूट पाण्यात उभा आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात पाणी फार तापलं आणि या भागातली प्रवाळं पांढरी पडली, तेव्हा जुन्या फोटोंवर भरवसा ठेवू नका. जवळच २००२ मध्ये बुडवलेलं ५१० फुटी स्पीगल ग्रोव्ह जहाज आहे. ते आडवं पडलं होतं, २००५ च्या डेनिस वादळाने सरळ केलं! पण ते खोल आहे. अॅडव्हान्स्ड प्रशिक्षण नसेल तर नको.

माझी लाडकी जागा रिव्हिएरा बीचचा ब्लू हेरन पूल. पाणी वीसेक फूट, आणि नशीब असेल तर ऑक्टोपस आणि समुद्रघोडे. भरतीची वेळ मात्र पाळायची. ओहोटी लागली की ओढ वाढते. आणि लाल-पांढरा झेंडा बरोबर हवाच, तो कायदा आहे.

जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ. समुद्र खवळला की लोक झऱ्यांकडे वळतात, पण जोराच्या पावसाने नदी फुगली तर चहासारखं पाणी झऱ्यात उलटं शिरतं. निघण्याआधी फोन करून विचारा. विमानाआधी किमान १८ तास कोरडे ठेवा.

परवा एका बाबांचा फोन होता. पंधरा वर्षांच्या मुलीचा कोर्स नुकताच झालाय आणि त्यांना स्पीगल ग्रोव्ह करायचंय. मी पूल सुचवला. "एवढं लांब जाऊन वीस फूट?" म्हणाले. मी म्हटलं, हो, वीस फूट. आणि झऱ्यावर गेलात तर टॉर्च हॉटेलातच ठेवा.