अख्खं पत्र वाचा



आपल्या संमेलनाच्या या व्यासपीठावरून फादर स्टीफन्स, बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक यांची नावं घ्यायची, टाळ्या घ्यायच्या आणि खाली बसायचं, अशी रीत पडून गेली आहे. नावं मीही घेणार आहे. पण ही माणसं ज्या ग्रंथाच्या, बायबलच्या, वाचनातून घडली तो ग्रंथ आज आपल्याच घरांतून वाचला जात नाही, आणि ही गोष्ट इथे कोणी बोलत नाही. ती बोलायची असं ठरवूनच मी आले आहे. काहींना कडू लागेल. लागू दे.

एकतीस डिसेंबरची रात्रीची उपासना डोळ्यांसमोर आणा. बारा वाजत आलेले असतात, रांग लागते, आणि प्रत्येक जण टोपलीत हात घालून वर्षभराचं वचन उचलतो. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन हाती आलं की माणूस खूश होतो. देव तुमच्या भल्याचाच विचार करतो आहे, पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. ते फ्रेम होऊन भिंतीवर लागतं, लग्नपत्रिकेवर छापलं जातं, बारावीच्या निकालाच्या आदल्या रात्री मोबाईलवर फिरतं. वचन खरंच आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण ते एका पत्रातलं आहे, आणि ते पत्र आपण वाचलेलं नाही.

ते लिहिलं कोणाला? इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेमेतून धरून नेलेल्या माणसांना. घरदार सुटलं, मंदिर शेकडो कोस मागे राहिलं, राजासुद्धा कैदेत. यिर्मया यरुशलेमेतच होता. यरुशलेमेतल्या नव्या राजाची माणसं बाबेलला निघाली होती, शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या. त्यांच्या हाती त्याने पत्र दिलं. काय होतं त्यात? तिथेच घरं बांधून राहायला सांगितलं होतं, बागा लावायला सांगितल्या होत्या, मुलामुलींची लग्नं उरकायला सांगितली होती. ज्या शहराने कैद केलं त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करायला सांगितली होती. आणि सुटकेची मुदत सांगितली होती सत्तर वर्षं. ज्यांच्यापुढे हे पत्र वाचलं गेलं त्यांतले बहुतेक बाबेलच्याच मातीत गेले. अकरावं वचन त्यांना मिळालं ते या सत्तर वर्षांसकट. आपण सत्तर वर्षं कापून टाकली आणि उरलेलं कार्डावर छापलं.

त्याच्याच मागचा, अठ्ठाविसावा अध्याय उघडा. हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात, याजकांसमोर आणि लोकांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, राजा येईल, मंदिरातली भांडीसुद्धा येतील. यिर्मया आधी ‘आमेन’ म्हणतो; तसं झालं तर त्यालाही हवंच आहे. पण तसं होणार नाही हे तो लपवत नाही. तेव्हा, बाबेलच्या अमलाची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू हनन्या ओढून काढतो आणि सर्वांदेखत मोडतो. त्या दिवशी मंदिरात बसलेल्यांना विचारलं असतं, की या दोघांत विश्वासाचा माणूस कोणता, तर बोटं हनन्याकडे गेली असती. त्याचं बोलणं धीराचं होतं, जोराचं होतं, देवाच्या नावाने होतं. आणि खोटं होतं.

आज मैदानांवर मांडव घालून ज्या सभा होतात त्यांत बहुतेक वेळा हनन्याच बोलतो. हे मी जबाबदारीने म्हणते. नोकरी लागेल, व्हिसा मिळेल, कर्ज फिटेल, गाठ विरघळेल, आणि हे सगळं याच महिन्यात. झालं तर ती साक्ष होते, माईकवरून सांगितली जाते. नाही झालं तर? तर दोष ऐकणाऱ्याच्या माथी. तुझा विश्वास कमी पडला.

माझ्या ओळखीतल्या एका बाईचा तरुण मुलगा कॅन्सरने गेला. दफनानंतर घरी भेटायला आलेल्या एका प्रचारकाने सांगितलं, घरात कोणाच्या तरी मनात शंका असणार, नाहीतर प्रार्थना अडत नाही. ती बाई मला विचारत होती, “माझ्याच मनात होती का हो ताई?” मुलाच्या उशाशी जागून काढलेली प्रत्येक रात्र ती आठवून बघत होती, नेमकी कुठल्या रात्री आपण डगमगलो ते शोधत होती. मी तिला ईयोबाचा शेवटचा अध्याय वाचून दाखवला. ईयोबाने अध्यायामागून अध्याय देवाशी भांडण काढलं. त्याचे मित्र मात्र शुद्ध धर्माचं बोलले, तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणाले. आणि अखेरीस देव कोणावर रागावतो? मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असं तो त्यांच्यातल्या अलीफजाला सुनावतो. हे ज्याला ठाऊक आहे तो सुतकाच्या घरात जाऊन असं बोलणार नाही. त्या प्रचारकाला शेकडो वचनं तोंडपाठ होती. ईयोबाचं पुस्तक त्याने शेवटपर्यंत वाचलं होतं का, हा माझा प्रश्न आहे.

सैतानसुद्धा वचन सांगतो, मंडळी. रानातल्या परीक्षेच्या वेळी येशूला त्याने एक्याण्णवाव्या स्तोत्रातलं वचन म्हणून दाखवलं. येशूने त्याला तिन्ही वेळा उत्तर दिलं ते अनुवादाच्या पुस्तकातून, सहाव्या आणि आठव्या अध्यायांतून. त्यांतला आठवा अध्याय चाळीस वर्षांच्या भटकंतीचा आहे, उपाशी राहण्याचा, मान्नावर जगण्याचा. चाळीस दिवस उपाशी असलेल्या माणसाला नेमकं तेच हाताशी होतं, कारण त्याच्याजवळ सुटी वचनं नव्हती, अख्खा ग्रंथ होता.

भरवसा म्हणजे काय हे मला कोणी विचारलं तर मी यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायाकडे बोट दाखवते. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलेला आहे. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू विकत घे. अनाथोथ तर शत्रूच्या ताब्यात! कोणता शहाणा माणूस ती जमीन घेईल? यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. खरेदीखत होतं, साक्षीदार सह्या करतात, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, आणि दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन तो सांगतो की मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत. व्यवहार पुरा झाल्यावर तो प्रार्थनेला बसतो आणि देवालाच विचारतो: शहर तर पडणार आहे, मग तू मला शेत का घ्यायला लावलंस? पैसे मोजून झाले आहेत आणि प्रश्न अजून सुटलेला नाही, असा हा विश्वास. तो सभेतल्या आरोळीने येत नाही. आज्ञा पाळायची, कागद करायचे आणि उत्तरासाठी देवाच्या मागे लागायचं.

“सामान्य विश्वासणाऱ्याला अख्खं शास्त्र झेपत नाही,” असं आमचे काही पाळक मला सांगतात. त्यांना मी आपल्याच भाषेतला पुरावा देते. ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. त्याच्या आरंभीच फादर स्टीफन्सनी सांगितलं आहे की नवख्रिस्ती लोकांतूनच मागणी आली: आमची जुनी पुराणं बंद झाली, आता आम्हाला वाचायला काही द्या. त्या माणसांना रोजचं एक वाक्य नको होतं. त्यांना पुराण हवं होतं. आणि स्टीफन्सनी जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात करून अकरा हजारांच्या जवळपास ओव्या रचून दिल्या. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या नवख्रिस्ती लोकांना जे झेपलं ते आमच्या पदवीधरांना झेपत नाही म्हणता?

आणि रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. धर्ममतांवरून तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार वाचा. स्वतः शास्त्र वाचून पटल्याशिवाय केवळ चर्च सांगतं म्हणून काही मानायला ही बाई तयार नाही. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती मान द्यायची नाही, इतकं त्या स्पष्ट लिहितात. याला कोणी अविश्वास म्हणेल. पण बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणं शास्त्राशी रोज ताडून पाहिलं, त्यांना प्रेषितांची कृत्ये थोर मनाचे म्हणतात. पुढे रमाबाईंनीच आपल्या साक्षीत सांगितलं की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे कळायला आठ वर्षं गेली. आठ वर्षं! आम्ही तीन दिवसांच्या शिबिराला प्रमाणपत्र देतो.

त्याच रमाबाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपासमारीने मरू घातलेल्या मुली घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना शिकवलं, छापखाना उभारला, मुलींना खिळे जुळवायला शिकवलं. आणि स्वतः हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून सबंध बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या, खेड्यातल्या बाईला कळेल असं. उतारवय होतं, कान अधू झाले होते, १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. देवावर भरवसा कसा ठेवतात हे शिकायला आम्हाला परदेशी वक्ते बोलवावे लागतात, आणि हा ग्रंथ आपल्या किती मंडळ्यांच्या कपाटात आहे?

आता थोडं आपल्या लेखकमंडळींकडे वळते, कारण दोष एकट्या पाळकांचा नाही. बायबलचा साहित्यगुण, बायबलचा मराठीवर प्रभाव, यावर आपण निबंध वाचतो. फादर दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपण फ्लेक्स लावले. त्यांनी खपून केलेलं भाषांतर आपल्यापैकी कितींनी सलग वाचलं? टिळकांना आगगाडीत एका अनोळखी सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना तो खाली ठेववेना. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा बायको, मुलगा, नातीगोती सगळं पणाला लागलं. लक्ष्मीबाई पुढे काही वर्षं वेगळ्या राहिल्या, भांडल्या, रडल्या, आणि आल्या त्या स्वतःच्या मनाने आल्या, नवऱ्याच्या हुकमाने नव्हे. टिळकांच्या अभंगांची आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ची थोरवी सांगताना त्या दोघांनी ज्याच्यावर भार टाकला त्याचं नाव आपण हळू आवाजात घेतो. पुरोगामी श्रोत्यांना काय वाटेल, ही भीती. ही भीती मला मान्य नाही. भरवसा वजा करून टिळक समजणार नाहीत.

मराठीत आज आपल्याला काय हवं आहे ते मी सांगते. बाबा पदमनजींनी एकोणिसाव्या शतकात नव्या करारावर टीका लिहिली. आजच्या मराठीत, आजच्या वाचकासाठी, एकेका पुस्तकावर तसं लिहिणारे हवेत. यिर्मयावर हवं, ईयोबावर हवं, अंधारातच संपणाऱ्या अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रावर हवं. साक्षींच्या पुस्तिका पुष्कळ झाल्या. मंडळ्यांनी रविवारचा एक तास संदेशातून काढून वाचनाला द्यावा, एक पुस्तक धरावं आणि ते संपल्याशिवाय सोडू नये. प्रश्न विचारणाऱ्या पोराला ‘शंका घेऊ नकोस’ म्हणून बसवू नये. हबक्कूकाने शंका घेतली, ती शास्त्रात तीन अध्याय होऊन बसली आहे.

उद्या सकाळच्या सत्रात मी असा ठराव मांडणार आहे: या संमेलनाने पुढच्या वर्षापासून वचनांची कार्डं आणि कॅलेंडरं छापणं बंद करावं आणि तो पैसा टीकाग्रंथांकडे वळवावा. विरोध होणार हे मला ठाऊक आहे. कार्यकारिणीतल्या दोघांनी तसं मला आजच तोंडावर सांगितलं, आणि तोंडावर सांगितलं याबद्दल मी त्यांची आभारी आहे. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी जरूर यावं. फक्त आज रात्री यिर्मयाचे अठ्ठाविसावा ते बत्तिसावा हे पाच अध्याय वाचून यावं. मग बोलू.