अगत्तीचं विमान सोलापूरला कसं आलं?

चौसाळ्यातून बोलतोय. आपल्या गावावरून जाणारा धुळे-सोलापूर हायवे धरला की थेट सोलापूर. तिथून आता गोव्याला विमान जातं, हे तुमच्यापैकी किती जणांना माहितीये?

ते विमान 'फ्लाय ९१'चं. ही गोव्याची छोटी कंपनी. नावातला ९१ म्हणजे आपल्या फोन नंबरच्या आधी लागतो तो भारताचा कोड. मार्च २०२४ मध्ये तिची विमानं उडायला लागली, आणि सुरुवातीच्या मार्गांतच लक्षद्वीपचं अगत्ती बेट होतं. बेट एवढंसं, धावपट्टी जेमतेम बाराशे मीटरची. तिथं मोठं जेट उतरत नाही. पंख्याचं, सत्तरेक सीटचं एटीआर विमान मात्र उतरतं. बोटीचा कित्येक तासांचा प्रवास त्यामुळं वाचतो.

आता गंमत बघा. बेटावर जे विमान चालतं, तेच छोट्या शहरालाही परवडतं. म्हणून हीच कंपनी सिंधुदुर्ग, जळगावला पोचली आणि जून २०२५ मध्ये सोलापूरलाही आली. सोलापूरचं विमान तर किती वर्षं रखडलं होतं! वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली, तेव्हा कुठं रस्ता मोकळा झाला.

पण विमान आलं म्हणजे ते टिकलंच, असं नाही हं. सरकारच्या 'उडान' योजनेत काही सीटांचं भाडं कमी ठेवावं लागतं, आणि कंपनीची तूट भरून द्यायला साधारण तीन वर्षं पैसे मिळतात. पुढं विमान भरलं तरच चालणार. आपल्या नांदेडचंच घ्या. २७ एप्रिल २०१७ ला, 'उडान'च्या अगदी पहिल्या दिवशी, नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं. ते चालवणाऱ्या 'ट्रूजेट'ची विमानं २०२२ मध्ये बंद पडली. धावपट्टी होती, विमान नव्हतं. पुढं दुसरी कंपनी येईपर्यंत लोक परत रेल्वे आणि ट्रॅव्हल्सवर.

बेटावरच्या माणसाकडं बोट नाहीतर विमान, तिसरा पर्याय नाही. आपल्याकडं एसटी आहे, ट्रॅव्हल्स आहेत. त्यामुळं आपलं विमान बंद पडलं तर ओरड कमी होते, आणि म्हणूनच ते लवकर बंद पडतं.

तेव्हा पुढच्या वेळी गोव्याचा प्लॅन ठरला की ट्रॅव्हल्सचं तिकीट काढायच्या आधी एकदा सोलापूरचं भाडं बघा. विमान रोजचं असेलच असं नाही, म्हणून वारही बघा. जमलं तर जा, आणि प्रवास कसा झाला ते व्हॉइस नोटवर नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!